मोबाईल, ग्रुप आणि आपली श्रद्धा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारच्या मिस्सानंतर (म्हणजे उपासनेनंतर) चर्चच्या पायऱ्यांवर, फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, मीटिंगमध्ये आणि सगळ्यात जास्त रात्री साडेदहानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर मला हे प्रश्न येतात. सिंधुदुर्गातल्या एका चर्चच्या ग्रुपचा मी अ‍ॅडमिन आहे, एवढीच माझी पात्रता. तेच तेच उत्तर टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून इथे एकत्र लिहिलं. विचारणारे बहुतेक कॅथलिक, काही सी.एन.आय.चे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट), दोन-तीन हिंदू शेजारीही. कुणाचं नावगाव दिलेलं नाही. एखादा प्रश्न ओळखीचा वाटला तर तो तुमचाच असेल असं नाही. चार वाड्यांतून तोच आला असेल.

1. ख्रिस्ती माणसाने सोशल मीडियावर असावं का? आमच्यातले काही म्हणतात, हे सगळं सैतानाचं काम.

सैतानाला एवढं श्रेय देऊ नका. चर्चने या माध्यमांना कधी दार लावलेलं नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी संपर्कमाध्यमांवर स्वतंत्र दस्तऐवज काढला. 1967 पासून दरवर्षी जागतिक संपर्कमाध्यम दिन पाळला जातो. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 12 डिसेंबर 2012 रोजी आपल्या खात्यावरून पहिलं ट्वीट केलं तेव्हा ते 85 वर्षांचे होते, तेव्हा वयाची सबब कुणी सांगू नये. म्हणून प्रत्येकाने असलंच पाहिजे असंही नाही. ज्याला मोबाईल उघडला की फक्त मत्सर किंवा नको ते बघण्याची ओढ वाटते, त्याने खुशाल बंद ठेवावा. त्यात कमीपणा नाही.

2. बायबलमध्ये मोबाईलचा उल्लेखच नाही. मग नियम कुठून काढायचे?

मोबाईल नाही, जीभ आहे. याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय वाचा: एवढीशी ठिणगी केवढं रान पेटवते, आणि ज्या तोंडाने देवाची स्तुती करतो त्याच तोंडाने माणसांना शाप देतो. सकाळी वचन आणि रात्री शिवी, दोन्ही एकाच नंबरवरून येतात तेव्हा मला हाच अध्याय आठवतो. खोटी बातमी पसरवू नका, हे निर्गम 23:1 मध्ये आहे. पूर्ण ऐकून घेण्याआधी उत्तर देणं हा मूर्खपणा, हे नीतिसूत्रे 18:13 मध्ये. तिथेच चार ओळी खाली म्हटलंय की पहिला बोलणारा खरा वाटतो, दुसरा येऊन उलटतपासणी करेपर्यंत.

माझी स्वतःची कसोटी साधी आहे. हे वाक्य ज्याच्याविषयी आहे तो चर्चच्या पायऱ्यांवर समोर उभा असता, तर मी ते बोललो असतो का? मोठ्या शहरात ही कल्पना करावी लागते. आपल्याकडे तो रविवारी खरोखरच तिथे उभा असतो. शिव्या देणारा आणि शिव्या खाणारा दोघे एकाच एस.टी.ने कुडाळला जातात.

3. रोज सकाळी बायबलचं वचन आणि गुलाबाचं फूल पाठवलं तर चांगलंच ना?

चांगलंच, पण पाठवण्याआधी वचन स्वतः वाचा. फुलाखालचं वचन कित्येकदा भलत्याच अध्यायाच्या नावावर छापलेलं असतं. आमच्या एक काकी कुठल्याच ग्रुपवर काही टाकत नाहीत. ज्यांचा नवरा जहाजावर आहे अशा एकाच बाईला रोज एक ओळ स्वतः टाइप करून पाठवतात. फुलाला अंगठा येतो. काकींच्या ओळीला उत्तर येतं.

4. "11 जणांना पाठवा, तीन दिवसांत चमत्कार होईल, न पाठवल्यास संकट येईल." साखळी तोडली तर काही होईल का?

काही होणार नाही. एखाद्या बाहेरच्या कृतीतच जादूची ताकद आहे असं मानणं म्हणजे अंधश्रद्धा, असं कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ परिच्छेद 2111 मध्ये स्पष्ट सांगतो. खाली संत यूद किंवा संत अँथनी यांचं चित्र लावल्याने धमकीची प्रार्थना होत नाही. माझ्यापर्यंत आलेली प्रत्येक साखळी मी तोडली आहे. मागच्या पावसात माझ्या घराची दोन कौलं उडाली, पण शेजाऱ्याचीही उडाली, आणि त्याने मेसेज अकराच्या अकरा जणांना पाठवला होता.

5. खोटा मेसेज ओळखायचा कसा? आणि आधीच फॉरवर्ड झाला असेल तर?

मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा आमच्या ग्रुपवर अक्राळविक्राळ लाटांचा एक व्हिडिओ "मालवण, आत्ता" म्हणून आला. नंतर कळलं, तो आपल्या देशातलाही नव्हता. तोवर मुंबईतल्या चाकरमान्यांनी घरी फोन लावून लावून बॅटऱ्या संपवल्या होत्या. हे तरी घाबरवण्यापुरतं राहिलं. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणण्याचं जाहीर केलं.

मेसेजवर दोन बाण दिसले की तो बऱ्याच हातांतून आलाय. तारीख नाही, ठिकाण मोघम आणि "लगेच सगळ्यांना पाठवा" असं लिहिलेलं असेल तर थांबा. वादळाचं हवामान खात्याकडून, रस्त्याचं जिल्हा प्रशासनाकडून कळतं. पोपच्या नावावर फिरणारी विधानं तर मी बघतही नाही, व्हॅटिकनच्या संकेतस्थळावर सापडली तरच वाचतो. मार्च 2023 मध्ये पांढऱ्या फुगीर जॅकेटमधल्या पोप फ्रान्सिस यांचा फोटो जगभर फिरला. तो संगणकाने बनवलेला होता. याच पोपनी 2018 च्या संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशात खोट्या बातमीचा माग एदेन बागेतल्या सापापर्यंत नेला होता.

आधीच पाठवला असेल तर "सर्वांसाठी डिलीट" सुमारे अडीच दिवस चालतं. पण गुपचूप पुसू नका. त्याच ग्रुपवर लिहा, "मी टाकलेला मेसेज खोटा होता." ज्याने तो तुमच्याकडून घेऊन पुढे पाठवला, त्याला हे कळायलाच हवं.

6. फादरांच्या नावाने पैसे मागणारा मेसेज आलाय. फोटो त्यांचाच आहे. पाठवू का?

नको. फोटो कुणीही उचलून लावू शकतो. फादरांच्या जुन्या नंबरवर फोन करा, नाहीतर जाऊन भेटा. चर्च काही चंद्रावर नाही. पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, ताबडतोब 1930 या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त असते. आणि ग्रुपवर सांगा, कारण तोच मेसेज आणखी चाळीस जणांना गेलेला असणार.

7. घरातलं माणूस आजारी आहे. प्रार्थनेसाठी ग्रुपवर टाकावं का?

जरूर टाका, त्या माणसाला विचारून. आमच्याकडे "बांबोळीला नेलंय" (म्हणजे गोव्यातल्या मोठ्या सरकारी इस्पितळात) एवढे दोन शब्द आले की सगळं गाव समजून जातं. तेवढं पुरतं. रिपोर्टचा फोटो, नळ्या लावलेला चेहरा, वॉर्डाचा नंबर हे कशाला? देवाला निदान आधीच ठाऊक आहे, आणि बाकीच्यांना ते लागत नाही. एका मुलीच्या रिपोर्टचा असाच फोटो ग्रुपवर फिरला. ती बरी झाली, पण दोन वर्षांनी सोयरिकीच्या बोलण्यात समोरच्यांनी तो फोटो काढून दाखवला. टाकणाऱ्याचा हेतू चांगलाच होता.

एक गोष्ट मात्र कायद्याची आहे. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलाची ओळख पटेल असं नाव, शाळा, घर, फोटो काहीही टाकणं पोक्सो कायद्याने गुन्हा आहे, मग वर "प्रार्थना करा" लिहिलेलं असलं तरी.

8. ग्रुपवर फेस्ताच्या हिशोबावरून भांडण पेटलं. अ‍ॅडमिनने काय करायचं? आणि पोलीस अ‍ॅडमिनलाच धरतात का?

आधी कायदा. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटलं की केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी त्याला जबाबदार धरता येणार नाही. दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवून केलेलं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून हात झटकून बसू नये.

आता हिशोब. हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा, कारण एक भांडण मीच पेटवलंय. मंडपाच्या खर्चात मला दोन हजारांचा फरक दिसला. रात्री अकरा वाजता मी ग्रुपवर लिहिलं, "बाकीचे पैसे कुठे गेले, कुणी सांगेल का?" कुणाचं नाव घेतलं नाही. नाव घ्यायची गरजच नव्हती, खजिनदार एकच होता. बारापर्यंत ऐंशी मेसेज झाले, मुंबईहून आणि कुवेतहूनही. सकाळी खजिनदारांच्या घरी गेलो तर वायरमनची पावती त्यांच्या शर्टाच्या खिशात होती. पावती दोन मिनिटांत दिसली. त्यांच्या बायकोने मात्र मला चहा विचारायला पुढचं नाताळ उजाडलं.

मत्तय 18:15-17 मध्ये क्रम दिलेला आहे: भाऊ चुकला तर आधी एकट्याने जाऊन, दोघांतच बोला. नाही ऐकलं तर एक-दोन जणांना सोबत न्या. तिसऱ्या पायरीला मंडळी, म्हणजे सगळं चर्च. आपण थेट तिसऱ्या पायरीवरून सुरू करतो, कारण ती खिशात आहे. तेव्हापासून आमचा नियम: पैशाचं ग्रुपवर विचारायचं नाही, पण फेस्त झाल्यावर पंधरा दिवसांत पूर्ण हिशोब पावत्यांसह चर्चच्या फलकावर लागलाच पाहिजे. दोन्ही अर्धे एकत्रच चालतात. हिशोब न लावता नुसतं "ग्रुपवर बोलू नका" म्हणणं म्हणजे दडपणं, आणि लोकांना ते कळतं. भांडण सुरू झालंच तर मी "फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात" हे बटण सकाळपर्यंत दाबून ठेवतो. लाकूड नसलं की आग विझते, नीतिसूत्रे 26:20.

मासेमारीतल्या एलईडी दिव्यांच्या आणि पर्ससीन जाळ्यांच्या वादाला हाच नियम लावावा का, असंही विचारतात. तो पोटापाण्याचा सार्वजनिक प्रश्न आहे, त्यावर उघड लिहायलाच हवं. फक्त बोटीवरच्या माणसाच्या आई-बहिणीपर्यंत जाऊ नका.

9. गणपतीच्या शुभेच्छा स्टेटसला ठेवल्या तर चालतं का?

शेजाऱ्याच्या आनंदात आनंद मानणं आणि त्याची पूजा करणं या दोन गोष्टी आहेत. व्हॅटिकनचं आंतरधर्मीय संवादाचं खातं स्वतः दरवर्षी हिंदू बांधवांना दिवाळीचा संदेश पाठवतं. मी चतुर्थीला शुभेच्छा देतो आणि मोदकही खातो. पण सी.एन.आय. आणि इतर मंडळींतल्या काही बांधवांचा विवेक यावर कडक आहे. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय अशाच वेळेसाठी आहे: खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि उलटही. दुसऱ्याच्या स्टेटसवर "तुम्ही ख्रिस्ती ना?" असं लिहिण्याचं काम कुणालाही दिलेलं नाही.

10. येशूची किंवा मरियेची टिंगल करणारी पोस्ट दिसली. गप्प बसायचं?

स्क्रीनशॉट काढून पाच ग्रुपवर टाकला की तुम्हीच त्याचे प्रचारक झालात. प्लॅटफॉर्मवर तक्रार नोंदवा, माणूस ओळखीचा असेल तर प्रश्न 8 मधला क्रम वापरा. मुद्दाम धार्मिक भावना दुखावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 299 खाली, आणि गटागटांत वैर पेटवणं कलम 196 खाली गुन्हा आहे. नुसती चीड आणणाऱ्या पोस्टसाठी वापरलं जाणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजीच रद्द केलं. 299 आणि 196 ही कलमं आपल्यालाही तशीच लागू आहेत. दुसऱ्यांच्या देवावरचा विनोद आपल्या ग्रुपवर आला तेव्हा किती जणांनी हसरे चेहरे टाकले, ते मी अ‍ॅडमिन म्हणून पाहिलंय.

11. शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर वचन टाकलं तर कुणीतरी म्हणालं, "धर्मांतर करतोस काय?" माझं चुकलं का?

कायद्याने नाही. राज्यघटनेचं अनुच्छेद 25 धर्म पाळण्याचा, आचरणाचा आणि प्रसाराचाही अधिकार देतं. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांना धक्का न लावता. सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये हेही स्पष्ट केलं की प्रसाराच्या अधिकारात दुसऱ्याला आपल्या धर्मात आणण्याचा अधिकार येत नाही. पण कायद्याने चालतं ते सगळीकडे शोभतंच असं नाही. बॅचचा ग्रुप बॅचसाठी आहे. तिथे रोज आरती आली तर तुम्हाला कसं वाटेल, ते बघा. नाताळचं आमंत्रण टाका, कुणी श्रद्धेबद्दल विचारलं तर सौम्यपणे आणि आदराने उत्तर द्या. 1 पेत्र 3:15 मध्ये हे दोन्ही आहे. टोमणा मारणाऱ्याला खासगीत फोन करून "जेवायला ये" म्हणणं सगळ्यात उत्तम. माझ्या बाबतीत त्याने बांगड्याचं तिखलं खाल्लं आणि विषय पुन्हा काढला नाही.

12. मोबाईलवर मिस्सा बघितली तर रविवार पाळला असं होतं का? आणि कुमसार (फादरांपुढे पापांची कबुली) फोनवर चालतो का?

आजारी, अंथरुणाला खिळलेले, त्यांची काळजी घेणारे, समुद्रावर असलेले यांच्यावर बंधन मुळातच राहत नाही. त्यांना मोबाईलवरची मिस्सा हा मोठाच आधार आहे. धडधाकट माणसाने पलंगावरून बघितली तर ती बघितली, एवढंच. कुमसार फोनवर, व्हिडिओ कॉलवर, चॅटवर होत नाही. 2002 च्या व्हॅटिकनच्या दस्तऐवजात इंटरनेटवर संस्कार नाहीत असं स्पष्ट लिहिलं आहे. एक भयंकर गोष्ट सांगून ठेवतो, कारण एका मुलाने खरंच विचारलं होतं: कुमसार चोरून रेकॉर्ड करणं किंवा माध्यमांतून पसरवणं याला 1988 च्या आदेशाने बहिष्काराची शिक्षा होती, आणि 2021 मध्ये सुधारलेल्या चर्चच्या कायद्यातही तो गुन्हाच आहे, शिक्षा गांभीर्यानुसार.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत ऑनलाइन उपासनेबद्दल वेगवेगळी रीत आहे. आपल्या पाळकांना विचारा.

13. अंत्यविधी लाइव्ह दाखवावा का? फोटो टाकावेत का?

इथे मी दोन्ही बाजूंनी रडलोय. ज्याचा मुलगा जहाजावर किंवा आखातात आहे त्याला सुट्टी मिळेपर्यंत माती होऊन जाते. त्याच्यासाठी कुणीतरी मोबाईल धरून उभं राहणं ही दयेची गोष्ट आहे. आमच्या वाडीत एकाने आईचा अंत्यविधी इंजिनरूममधून पाहिला. नेट तुटत होतं, शेवटची मूठ मातीची पडली तेव्हा चित्र गोठलेलं होतं. तरी तो आजही फोन धरणाऱ्या पोराला दर नाताळला कपडे पाठवतो.

म्हणून आम्ही फरक करतो. लाइव्ह करायचं तर कुटुंबाने सांगितल्यावर, फक्त त्यांच्या माणसांसाठी, व्हिडिओ कॉलवर. उघड फेसबुकवर नाही. उघड्या पेटीतला चेहरा स्टेटसला ठेवायचा नाही. आणि बातमी टाकण्याआधी घरच्यांना कळलंय का, हे विचारायचं. एका मुलीला वडील गेल्याचं "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहिलेल्या चित्रातून कळलं, दादरच्या फलाटावर.

पहिल्या कम्युनियनचे फोटो जरूर काढा, फादरांनी सांगितलेल्या जागेवरून. दुसऱ्याच्या मुलाचा फोटो टाकताना त्याच्या आईला विचारा.

14. नाताळला गरिबांना धान्य वाटतो. फोटो टाकले तर इतरांना प्रेरणा मिळते ना?

मत्तय 6:3 मध्ये डाव्या हातालाही कळू देऊ नका म्हटलंय, आणि इथे डाव्या हातात मोबाईल असतो. पण देणगीदारांना हिशोब द्यावा लागतो, हेही खरं. जुलै 2021 मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा आम्ही सामान पाठवलं. फोटो काढला तो टेम्पोचा, पोत्यांचा आणि पावतीचा. घेणाऱ्यांचे चेहरे नाहीत. त्यातले काही आपल्यापेक्षा खाऊनपिऊन सुखी होते, आदल्या दिवसापर्यंत.

15. "माझो झील रातभर मोबाईलात असता. काय करूचा?" (व्हॉइस मेसेज होता, तसाच ठेवलाय.)

आधी सांगा, तुम्ही स्वतः कितीपर्यंत असता? बहुतेक घरांत हा प्रश्न विचारणाऱ्याच्या हातातही फोनच असतो. संध्याकाळच्या जपमाळेपासून जेवण होईपर्यंत सगळ्यांचे फोन एका टोपलीत, बाबांचाही. रात्री चार्जिंग बाहेरच्या खोलीत. व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्रामवर 13 वर्षांखालच्या मुलाला स्वतःहून खातं काढायची परवानगी नाही. मुलाला उदाहरण द्यायचं तर कार्लो अकुतिसचं द्या: संगणकात रमणारा, जगातल्या युखारिस्त (मिस्सातल्या पवित्र भाकरीच्या) चमत्कारांची वेबसाइट करणारा मुलगा, 2006 साली 15व्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला, 7 सप्टेंबर 2025 रोजी संत घोषित झाला. व्हिडिओ गेम त्याला आवडायचे, पण त्याने स्वतःला आठवड्याला एक तासच ठरवून दिला होता, असं त्याच्या घरचे सांगतात.

16. कुणीतरी फोटोवरून धमकी देतंय, पैसे मागतंय. घरी सांगितलं तर मारतील.

पैसे देऊ नकोस, मेसेज पुसू नकोस. स्क्रीनशॉट ठेव आणि 1930 वर फोन कर. घरी सांगायची भीती वाटत असेल तर एका मोठ्या माणसाला सोबत घे: मावशी, शिक्षिका, सिस्टर. गुन्हा धमकावणाऱ्याचा आहे, तुझा नाही. पालकांनो, हा प्रश्न मला आतापर्यंत तीनदा आलाय, आणि तिन्ही वेळा पोरांना त्या अनोळखी माणसापेक्षा तुमची भीती जास्त वाटत होती.

17. ग्रुप सोडला तर राग मानतील. सोडू का?

सोडा. मिस्साची वेळ फलकावर लिहिलेली असते.

18. बाबा वारले, पण दरवर्षी फेसबुक त्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला सांगतं. लोक "हॅपी बर्थडे, भरपूर जगा" लिहितात.

खातं "स्मरणार्थ" करून घेता येतं. मग नावापुढे तसं दिसतं आणि वाढदिवसाची आठवण जाणं थांबतं. जिवंतपणी आपला वारसदार संपर्कही (आपल्यामागे खातं बघणारा माणूस) नेमून ठेवता येतो. साठीच्या पुढच्यांनी हे मुलाला बसवून करून घ्यावं. नंतर करायचं तर मृत्यूचा पुरावा मागतात, ग्रामपंचायतीचा किंवा नगरपरिषदेचा दाखला चालतो. दाखल्यावरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळतंय का ते आधी बघा. आमच्याकडे निम्मे बाप्ये फेसबुकवर "बाबलो" नाहीतर "पेद्रू" आहेत.